मावशींच्या नावाची शिष्यवृत्ती कुणाला द्यावी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही ठाण्यातलं बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारं ज्यू कुटुंब. आमची मावशी गेल्या वर्षी हनुकाच्या, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास येणाऱ्या दिव्यांच्या सणाच्या दिवसांत गेली. तिनं लग्न केलं नाही. नोकरी शाळेत गणित शिकवण्याची, आणि रविवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, समाजातल्या मुलांचा वर्ग. हिब्रू अक्षरं, प्रार्थना, सणांच्या गोष्टी, सगळं मराठीतून समजावून. तिच्या मागे १२ लाख रुपये उरले आहेत. समाजाचं काम करणाऱ्या तरुण मुलांना कॉलेजसाठी तिच्या नावानं शिष्यवृत्ती द्यावी, यावर आम्हा चारही भावंडांचं एकमत आहे. पुढे मात्र गाडी अडली. इस्राएलमधल्या अश्दोदचा भाऊ म्हणतो, ८५ टक्क्यांच्या खाली कुणाला देऊ नका. तिथल्याच दिमोनाची बहीण म्हणते, मूल शिकून इस्राएलला येणार असेल तर अट कसली घालता? मुंबईतला भाऊ म्हणतो, मदत घेऊन निघूनच जाणार असतील तर इथल्या समाजाला काय उपयोग? मला वेगळीच काळजी आहे. आपला समाज एवढा लहान की अर्ज करणारं प्रत्येक मूल कुणाचं ना कुणाचं नात्यातलं निघणार. निवड कशी करायची? वाईटपणा कुणी घ्यायचा? आणि पैसे ठेवायचे कुठे?

प्रिय ताई,

शालोम. भावंडं पैसे कसे द्यायचे यावर भांडतायत, असं पत्र मला क्वचितच येतं. तुमच्या मावशींनी पैशांपेक्षा मोठं काहीतरी तुमच्यात ठेवलं आहे, हे त्यातूनच कळतं.

माझं मत आधी सांगते. मावशी जे काम करत होत्या, तशा प्रकारचं काम आज जो मुलगा किंवा जी मुलगी करते आहे, शिष्यवृत्ती त्यांना द्या. बाकीचे सगळे नियम यातून आपोआप निघतील.

अश्दोदच्या भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. हुशार मूल समाजाला पुढे नेतं, हे तुमच्याच समाजानं दाखवलेलं आहे. डॉ. जेरुशा झिराड शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, १९१९ मध्ये तिथली एम.डी. मिळवली, मग परतल्या, पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि एवढं सगळं सांभाळून १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी ज्यूंची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या. रिबेका रूबेन यांचंही तसंच. विलक्षण बुद्धीची बाई, पण उमेदीची वर्षं दिली ती हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या इस्राएलाइट शाळेला, जिला आपण आज सर एली कदूरी हायस्कूल म्हणून ओळखतो. भावाला या दोघींची नावं सांगितलीत तर तो म्हणेल, बघ, मी तेच म्हणत होतो. पण त्याला विचारा, या दोघी आज आठवतात त्या मार्कांमुळे का?

शिवाय ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलासाठी दारं बरीच उघडी असतात. कॉलेजं सवलत देतात, कंपन्यांच्या शिष्यवृत्त्या असतात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्याच्या अल्पसंख्याकांसाठीच्या योजनाही तपासून पाहता येतात. केंद्राच्या यादीत मात्र ज्यू समाज नाही, हे अर्ज भरणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांची धावपळ वाचेल. ६२ टक्के मिळवून दर शनिवारी सिनेगॉग उघडायला जाणाऱ्या मुलासाठी मात्र कुठेही रकाना नसतो. तो तुमच्या अर्जात असू द्या. अभ्यासाची अट एवढीच ठेवा की बारावी पास असावा, प्रवेश मिळालेला असावा आणि दर वर्षी पुढच्या वर्गात जावा.

आता ‘नेतृत्व’ कसं ओळखायचं? मोठ्या देशांतल्या मोठ्या समाजांत हे सोपं असतं. अमेरिकेत समाजासाठी एखादा प्रकल्प उभारणाऱ्या किशोरवयीन ज्यू मुलांना डिलर कुटुंबाच्या प्रतिष्ठानकडून प्रत्येकी ३६,००० डॉलरचा पुरस्कार मिळतो. तिथे मुलांच्या संघटना आहेत, शिबिरं आहेत, निवडून आलेले अध्यक्ष-सचिव आहेत. भारतात सगळे मिळून पाच हजारांच्या आत-बाहेर ज्यू उरले, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. इथे सतरा वर्षांच्या मुलीनं पद कुठून आणायचं?

इथलं काम पदाशिवायचं असतं. मिन्यानला, म्हणजे दहा पुरुष लागतात त्या सामूहिक प्रार्थनेला, आठच जमले की उरलेल्या दोघांसाठी सकाळी सहा वाजता फोन कोण फिरवतं? मलिद्याच्या, म्हणजे नवस-आभाराच्या विधीच्या दिवशी पोहे-नारळाची ताटं लावायला, केळी-खजूर मांडायला कोण आधी येतं आणि सगळे गेल्यावर झाडू कोण मारतं? इस्राएलहून एखादं कुटुंब पणजोबांची कबर शोधत अलिबागला आलं, तर सुट्टी घालवून त्यांच्याबरोबर नवगावला कोण जातं? थडग्यावरची झिजलेली मराठी अक्षरं वाचून, फोटो काढून कोण वहीत टिपून ठेवतं? ज्या म्हाताऱ्या आजीची सगळी मुलं इस्राएलात लोद-बीरशेबाला आहेत, तिला शुक्रवारी व्हिडिओ कॉल कोण लावून देतं? हेच नेतृत्व. माझ्या मते पदापेक्षा कसदार, कारण यात टाळ्या नाहीत.

तेव्हा अर्जात निबंध मागू नका. ‘माझं नेतृत्व’ या विषयावर इंग्रजीत दोन पानं लिहायला सांगितलीत तर मुंबईच्या चांगल्या शाळेतली मुलं, त्यांचे क्लासवाले आणि आता त्यांचे मोबाईलही ती सुरेख लिहून देतील. रेवदंड्याच्या किंवा पेणच्या मुलीला तेवढंच जमणार नाही. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात समाजातलं असं कोणतं काम तुम्ही केलंत, जे तुम्ही नसतं केलंत तर राहून गेलं असतं? आणि ते काम तुमच्याकडून आणखी कोण शिकलं? दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मावशी शिक्षिका होत्या. एकट्यानं सगळं ओढणारं मूल कौतुकाचं खरं, पण दोन लहानग्यांना हाताशी धरून ‘हे असं करायचं’ म्हणून दाखवणारं मूल त्यांच्या पठडीतलं. मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून, कशातही लिहू द्या. हातानं लिहिलेला कागदही चालेल असं स्पष्ट छापा.

शिफारसपत्र सिनेगॉगच्या अध्यक्षांचं किंवा विश्वस्तांचं मागू नका. त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि सगळ्यांना सारखंच चांगलं लिहून द्यावं लागतं. ज्याच्यासाठी काम केलं त्याचे चार शब्द मागा. त्या आजीचे, वर्गातल्या लहान मुलाच्या आईचे, कबरस्तानाच्या राखणदाराचे. ते फोनवर बोलले तरी पुरे. मग प्रत्येक मुलाशी अर्धा तास समोरासमोर गप्पा मारा. कोकणातलं मूल असेल तर त्याला ठाण्याला बोलावण्याआधी भाडं पाठवा.

नात्यांचा प्रश्न तुम्ही बरोबर हेरलात. बेने इस्राएलांत दोन अनोळखी माणसं भेटली की दहा मिनिटांत कुणीतरी सामाईक आत्या सापडते. म्हणून ‘नातेवाईक नकोत’ असा नियम केलात तर अर्जच येणार नाहीत. मी म्हणेन, फक्त मावशींच्या सख्ख्या भावंडांची नातवंडं-पतवंडं वगळा; म्हणजे तुम्हा चौघांच्या घरातली मुलं. ती मोठ्या मनानं बाहेर राहिली की बाकी कुणी बोट दाखवू शकणार नाही. निवड तिघांनी करावी. एक मावशींच्या वर्गात शिकलेला, आता चाळिशी-पन्नाशीतला माणूस. एक कोकणातल्या एखाद्या सिनेगॉगशी बांधलेला. आणि तिसरी व्यक्ती समाजाबाहेरची, शक्यतो मावशींच्या शाळेतली सहकारी शिक्षिका, जिला कोण कुणाची भाची हे माहीतच नसेल. सदस्याचं जवळचं नातं निघालं तर त्या अर्जापुरतं त्यानं बाहेर बसावं.

आणि तुम्ही? तुम्ही भावंडांपैकी कुणीही त्या तिघांत नसावं. हे ऐकायला कठीण आहे, मला कळतं. मावशी तुमची, पैसे तिचे, नाव तिचं. पण वाईटपणा कुणी घ्यायचा या तुमच्या प्रश्नाला याशिवाय दुसरं प्रामाणिक उत्तर नाही. तुम्ही निवड केलीत तर ज्याला मिळाली नाही त्याचं घर मावशीच्या नावावरच रुसेल. नियम तुम्ही ठरवा, लेखी द्या, आणि निवडीपासून दूर राहा.

आता एक नाजूक गोष्ट, जी पत्रात नाही पण पहिल्या वर्षीच समोर येईल. वडील बेने इस्राएल, आई हिंदू किंवा ख्रिश्चन, आणि मूल लहानपणापासून रविवारच्या वर्गात येणारं. धर्मशास्त्र आईकडून ज्यूपण मोजतं. तुमच्या समितीनं त्या वादात पडू नये. कुणाला तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलवायचं, कुणाचं लग्न कसं लावायचं, हे ठरवणारी माणसं वेगळी आहेत. शिष्यवृत्तीनं फक्त पाहावं की हे मूल समाजात वाढलं का आणि समाजाचं काम करतं का. समाज एवढा लहान असताना, काम करणाऱ्या मुलाला ‘तू आपला नाहीस’ असं पैशाच्या निमित्तानं ऐकवलं जाऊ नये. माझं हे मत पक्कं आहे. तुमच्या घरात यावर मतभेद होतील, तर ते नियम छापण्याआधी होऊ द्या.

दिमोनाची बहीण आणि मुंबईचा भाऊ यांच्या वादात मी बहिणीच्या बाजूनं आहे. १९४८ नंतर निम्म्याहून जास्त समाज इस्राएलला गेला, आणि तो गेला म्हणून तुटला नाही. तिथून मराठीत ‘मायबोली’ हे नियतकालिक निघालं, तिथे पुरणपोळ्या होतात, मलिदा होतो. मुलं निघून जाऊ नयेत म्हणून पदवीनंतर पाच वर्षं भारतातच राहण्याचं हमीपत्र अठरा वर्षांच्या मुलाकडून लिहून घेणं मला पटत नाही. आणि ते मोडलं तर तुम्ही काय त्याच्यावर दावा लावणार आहात? त्यापेक्षा जितकी वर्षं पैसे मिळतात तितकी वर्षं काम चालू ठेवावं, एवढंच म्हणा. तीन वर्षं रविवारच्या वर्गात पाळीनं शिकवलं, आणि जाताना आपल्या जागी दुसरं कुणी तयार करून ठेवलं, तर मुंबईच्या भावाला हवा तो उपयोग झालाच की. परीक्षेच्या महिन्यांत मात्र पाळ्या माफ असाव्यात.

पैशांकडे येते. १२ लाखांतलं मुद्दल मोडायचं नाही, हे चौघांनी सही करून ठरवा. ठेवीवर साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ७८,००० रुपये व्याज. हिब्रू अक्षरांना आकडे असतात; त्या हिशोबात ‘जीवन’ या अर्थाच्या हिब्रू शब्दाची किंमत १८ होते, म्हणून ज्यू घरांत अठराच्या पटीत दान देण्याची रीत आहे, तीच धरून एका मुलाला वर्षाला १८,००० द्या, पदवीची तीन वर्षं. दर वर्षी एक नवं मूल घेतलंत तर तिसऱ्या वर्षापासून एका वेळी तीन मुलं होतील, खर्च ५४,०००, आणि उरलेले २४,००० मुद्दलात जातील. ते मुद्दलात जायलाच हवेत. फिया वाढत राहतात, आणि सगळं व्याज वाटून टाकलं तर दहा वर्षांनी या रकमेला काही वजनच राहणार नाही. पहिल्या दोन वर्षांत एक आणि दोनच मुलं असल्यानं बरीच जास्त शिल्लक पडेल; ती वाटून टाकायचा मोह आवरा.

१८,००० ही मोठी रक्कम नाही, हे मला ठाऊक आहे. अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम.ची फी भरून वर लोकलचा पास आणि पुस्तकं त्यात होऊ शकतात. खासगी नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगला ती फार तर हातभार. तरीही प्रत्येकाला सारखीच द्या. अभ्यासक्रम बघून रक्कम बदलायला लागलात की महागडा कोर्स निवडणाऱ्याला जास्त आणि साधी पदवी घेणाऱ्याला कमी, असं होऊन बसेल. घरच्या गरजेची चौकशी करायचीच असेल तर ती तिघांपैकी एकानं, एकट्यात, तोंडी करावी. बाराव्या शतकातल्या रामबाम, म्हणजे मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात सगळ्यात वरची माणसाला स्वतःच्या पायावर उभं करण्याची. कॉलेजचं शिक्षण त्या पायरीच्या जवळ जातं. पण व्यासपीठावर बोलावून, गरीब म्हणून ओळख करून देऊन, मोठा चेक हातात धरायला लावून फोटो काढलात तर तुम्ही एकदम खालच्या पायऱ्यांवर येता.

पैसे ठेवायचे कुठे, यावर नीट लक्ष द्या, कारण चांगल्या हेतूची माणसं इथेच अडकतात. नवा ट्रस्ट काढू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षी हिशोब तपासणी, विश्वस्त बदलले की पुन्हा अर्ज. १२ लाखांसाठी तो व्याप झेपणारा नाही. त्यात आयकराची अडचण वेगळी. फक्त एका धर्मसमुदायाच्या भल्यासाठी काढलेल्या नव्या धर्मादाय ट्रस्टला आयकरातली सूट मिळायला मोठा अडथळा येतो. १९६१ चा आयकर कायदा लागू होण्याआधीपासून चालत आलेल्या जुन्या ट्रस्टना तो अडथळा नसे. आणि तुमच्या समाजाकडे असे जुने ट्रस्ट आहेत. त्यातला ज्याचे हिशोब वेळेवर तपासले जातात असा एक शोधा, आणि मावशींच्या नावे कायम निधी म्हणून रक्कम त्यांच्याकडे द्या. सोबतच्या पत्रात चार गोष्टी स्वच्छ लिहा: मुद्दल मोडायचं नाही, व्याज कशावर खर्चायचं, निवड कोण करणार, आणि दर वर्षी तुम्हाला हिशोबाचा कागद मिळणार. करवजावटीच्या पावतीची अपेक्षा सी.ए.ला विचारल्याशिवाय धरू नका.

सगळ्यात मोठा खड्डा परदेशातल्या दोन भावंडांचा आहे. ते इस्राएलचे नागरिक असतील तर, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, त्यांनी भारतातल्या ट्रस्टला दिलेला पैसा २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येतो. रुपयांत दिला तरी येतो. घेणाऱ्या ट्रस्टकडे त्या कायद्याची नोंदणी हवी, आणि तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. म्हणून आधी हे पाहा की मावशींनी मृत्युपत्र केलं होतं का. त्यात सगळे पैसे तुमच्या किंवा मुंबईच्या भावाच्या नावे असतील तर सोपं आहे. चौघंही वारस असाल तर दोघांच्या वाट्याचं काय करायचं, हे वकील आणि सी.ए. दोघांना विचारून मगच रक्कम हलवा. भावानं तिकडून तुमच्या खात्यात पाठवायचे आणि तुम्ही आपल्या नावानं ट्रस्टला द्यायचे, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याचा भुर्दंड त्या ट्रस्टला बसेल, आणि त्याची बाकीची सगळी कामं अडतील. अश्दोदच्या भावाला मनापासून काही करायचं असेल तर त्यानं तिथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी तिथेच, तिथल्या कायद्यानं, मावशींच्या नावे काहीतरी सुरू करावं. दोन्ही ठिकाणी नाव राहील.

हे सगळं जुळायला वेळ लागणार. तोवर थांबू नका. यंदा आणि पुढच्या वर्षी तुम्ही आणि मुंबईचा भाऊ मिळून, आपल्या खिशातून, एका-एका मुलाची फी थेट कॉलेजात भरा. समिती हीच, प्रश्न हेच. त्यातून कोणते नियम चालतात आणि कोणते कागदावरच छान दिसतात ते कळेल, मग पक्कं पत्र लिहा.

तारखांचं एक सांगते. मावशींच्या पुण्यतिथीला, म्हणजे हनुकाच्या सुमारास, शिष्यवृत्ती द्यावी असं तुमच्या मनात असणार. पण प्रवेशाची फी जून-जुलैत भरायची असते; डिसेंबरात पैसा मिळेपर्यंत ती कुणाकडून तरी उसने घेऊन भरलेली असते. पैसे प्रवेशाच्या वेळी द्या. हनुकाला त्या मुलांना वर्गात बोलवा, त्यांनी वर्षभरात काय केलं ते लहान मुलांना सांगू द्या. भाषणं नकोत.

यंदाच्या प्रवेशांना गाठायचं असेल तर समितीतल्या तिघांना मार्चच्या आत विचारा, पेसाख या वसंतातल्या सणाच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. अर्जाचा कागद एप्रिलअखेर ठाणे-मुंबईच्या सिनेगॉगांबरोबर अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेललाही पोहोचू द्या, आणि नुसता पाठवू नका. तिथे एकेका घरी फोन करा.

तुमची,
सदरलेखिका